सतरा नंबरचा नायक

हे जे सांगतोय ते अक्षर न् अक्षर खरं आहे. खुलताबादच्या मारुतीची आण!

आता त्या मारुतीला मी शेवटचा निघालो त्याला नऊ वर्षं झाली, आणि तेव्हाही वाटेत एका मळ्यात हुरड्याला थांबलो तो तिथूनच परत आलो. म्हणजे त्या शपथेचं वजन किती धरायचं ते तुम्हीच ठरवा. बरं, अक्षर न् अक्षर नसेल, वाक्य न् वाक्य तरी खरं आहे. एखादं वाक्य मी जरा इस्त्री करून घेतलंय, पण कापड मूळचंच.

फजिती मात्र शंभर टक्के खरी. अहो, खोटा पराक्रम सांगणारे गल्लोगल्ली भेटतात; खोटी फजिती सांगणारा भेटलाय का कधी?

तर तेव्हा मी दिवसा कॉलेजात मराठी शिकवायचो आणि संध्याकाळी संपादक असायचो. संपादक म्हणजे फार मोठं काही समजू नका. औरंगपुऱ्याच्या एका बोळात छापखाना, छापखान्यात एक टेबल, टेबलावर लाल बॉलपेनं अर्धा डझन, आणि वर्षातून एकदा निघणारा एक दिवाळी अंक. पण खुर्चीत बसलो की मला वाटायचं, मराठवाड्याचं साहित्य माझ्या ह्या लाल शाईवर तरून आहे.

आधी मी इतर संपादकांसारखाच होतो. नापसंत कथेला 'साभार परत' अशी छापील चिठ्ठी टाचायची, की झालं. एकदा करमाडकडचा एक लेखक ती चिठ्ठी घेऊन थेट टेबलाशी आला.

"परत केली ते ठीक आहे," तो म्हणाला. "पण आभार कशाबद्दल मानले?"

मी ती चिठ्ठी उलटसुलट करून बघितली.

"अन् का परत केली, ते कुठं लिहिलंय? वैद्याकडं गेलं तर तो निदान पोट दाबून तरी बघतो. तुम्ही तर दारातूनच 'साभार परत'!"

माणूस गेला, पण मला चावून गेला. त्या दिवसापासून मी 'साभार परत' बंद केलं आणि प्रत्येक खर्ड्याला सविस्तर अभिप्राय द्यायला लागलो. आधी पाठीवर थाप, मग कानाला चिमटा, आणि शेवटी काय केलं म्हणजे सुधारेल त्याचा रस्ता. लेखकाला रडवायचं नाही, पुन्हा लिहितं करायचं. ह्यात मी इतका रंगलो, की दोन पानी कथेला माझा अभिप्राय चार पानांचा व्हायला लागला.

दुसरा नियमही माझाच. लेखकाचं नाव बघायचं नाही! त्याला कारण आमचे प्राचार्य. त्यांची कविता मी एकदा नावाकडं बघून छापली, आणि अंक हातात आल्यावर खुद्द प्राचार्यांनाच ती वाचून लाज वाटली. "ही तुम्ही घ्यायला नको होती," असं मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं त्यांनी. तेव्हापासून ठरवलं, खर्डा बघायचा, माणूस नाही.

ह्या नियमाचा कारभार रहीमचाचांकडं होता. चाचा छापखान्याचे जुने कंपोझिटर. चाळीस वर्षं छपाईचे खिळे जुळवून त्यांची नजर अशी झाली होती, की मजकूर उलटा धरला तर त्यांना जास्त सोयीचं पडायचं. आलेलं पाकीट चाचा फोडायचे, नाव-पत्त्याचं वरचं पत्र काढून एका फाइलीत ठेवायचे, मजकूर दुसऱ्या फाइलीत, आणि दोन्हीवर एकच नंबर टाकायचे. मला दिसायचा तो फक्त नंबर आणि मजकूर. मी अभिप्राय लिहायचा, खाली माझं पूर्ण नाव टाकायचं (लपून मारायचं नाही, हा आपला बाणा!), आणि चाचांनी तो त्या नंबरच्या पत्त्यावर रवाना करायचा.

कशी चोख व्यवस्था! ह्याच व्यवस्थेनं माझी कबर खोदली.

झालं काय, आमची अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, बजाजनगरात राहते. भावजी वाळूजला कंपनीत. त्यांची एकुलती एक वैशाली, माझी भाची, तेव्हा बी.ए. होऊन घरी होती आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. अक्का एकदा तणतणत छापखान्यात आली.

"बापू, आजपासून स्थळांची पत्रं तुझ्या ह्या छापखान्याच्या पत्त्यावर येतील. मामाच्या नावानं."

"का गं?"

"आमच्या कॉलनीत पोस्टमन पत्र कुणाच्याबी दारात टाकतो. मग बाया आधी वाचतात, नंतर आणून देतात. मागच्या पत्रातली पोराची उंची मला नळावर कळली!"

"बरं, येऊ दे."

"अन् नीट ऐक. दौलताबादचं एक स्थळ येणारंय. बाप रिटायर गुरुजी, पोरगा हायस्कुलात गणित शिकवतो. लई भले लोक आहेत म्हणं. पण मानी बी आहेत. त्यांचं पत्र आलं की त्याच दिवशी मला सांग. हे स्थळ हातचं गेलं ना बापू, तर मी तुझ्या दारात राखी घेऊन पुन्हा येणार नाय."

आता राखी हा विषय आमच्याकडं साधा नाही. अक्कानं एकदा दिलेली धमकी अक्का पाळते.

"तू अजिबात काळजी करू नको," मी म्हणालो. "कागद ओळखणं हाच तर माझा धंदा आहे."

हे वाक्य मी म्हणालो. ह्याच तोंडानं म्हणालो.

आठवडाभरात फाइलीत सतरा नंबर आला. चार फुलस्केप, अक्षर मोत्यासारखं. सुरुवात अशी:

'गडाच्या पायथ्याशी एक घर आहे. घरापुढे पेरूचा मळा आहे. त्या घरात एक मुलगा आहे. मुलगा निर्व्यसनी आहे. सुपारीचे खांडही त्याने कधी तोंडात धरलेले नाही.'

मी खुर्चीत सावरून बसलो. पुढं मुलाचं शिक्षण, उंची, रास, नाडी, रक्तगट, बारा एकर बागायत, 'अत्यंत प्रेमळ' आई. आणि शेवटी, 'तरी योग्य वाटल्यास होकार कळवावा, ही नम्र विनंती.'

तुम्ही म्हणाल, मास्तर, ह्यात न कळण्यासारखं काय होतं?

अहो, त्या वर्षांत हवाच तशी होती! कुणी रोजनिशीच्या रूपात कथा लिहायचा, कुणी तारेच्या भाषेत, एकानं तर वाण्याच्या यादीच्या रूपात कथा पाठवली होती. मला वाटलं, व्वा! ह्या पठ्ठ्यानं स्थळाच्या पत्राचा घाट वापरलाय. वरवर नुसती माहिती, आणि खाली एका एकाकी तरुणाची कहाणी! आणि 'गड' म्हणाल तर महाराष्ट्रात गड काय कमी आहेत?

मी लाल पेनाचं टोपण काढलं.

पहिली थाप पाठीवर. 'घाट अभिनव आहे. भाषा स्वच्छ. पेरूच्या मळ्याचा वास येतो. अभिनंदन.'

मग चिमटे. समासात एकेक टिपण:

'नायक इतका सद्गुणी आहे, की वाचकाला त्याच्या श्राद्धाला आल्यासारखं वाटतं. जिवंत माणसाला दोष असतात. किमान तीन येऊ द्या.'

'आई अत्यंत प्रेमळ, हे तुम्ही म्हणून आम्ही का मानावं? तिला काहीतरी करताना दाखवा.'

'बारा एकर बागायतीवर विश्वास बसत नाही. पुन्हा विचार व्हावा.'

'रास, नाडी, रक्तगट ह्यानं वातावरण चांगलं तयार होतं, पण लांबतं.'

आणि शेवटाला: 'होकाराची इतकी घाई कशाला? नायकानं तो अजून कमावलेला नाही. निराश न होता पुन्हा लिहून पाठवा. तुमच्यात ताकद आहे.'

खाली पूर्ण नाव, झोकदार सही. चाचांनी पाकीट चिकटवलं आणि पोस्टात टाकलं.

तिकडं दौलताबादला काय झालं, ते मला मागाहून कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर मजा जाईल. भानुदास गुरुजींनी पाकीट उघडलं आणि ओट्यावर मटकन बसले. आपल्याकडं मुलीचा मामा मुलाच्या घरची चौकशी करतो, हे त्यांना ठाऊक होतं. गावात विचारतो, शेजारी विचारतो, फार तर दुकानदाराला विचारतो. पण चौकशी करून निकाल समासात लाल शाईनं लिहून पाठवणारा मामा त्यांच्या उभ्या हयातीत त्यांनी पाहिला नव्हता!

"अगं ए," ते बायकोला म्हणाले, "ह्या मामाला बारा एकराचं सगळं कळलंय!"

कारण जमीन होती सहाच एकर. बाकीची सहा चुलतभावाची. आता ह्या गुरुजींनी आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेल्या. खोडाखोडीची वही परत आली की काय करायचं, हे त्यांनी तीस वर्षं पोरांना शिकवलेलं. गुपचूप नवीन पान घ्यायचं आणि पुन्हा लिहायचं. त्यांनी घेतलं.

आठ दिवसांत माझ्या टेबलावर सतरा नंबरचा दुसरा खर्डा. आता पानं सात!

'जमीन सहा एकर आहे. पहिल्या पत्रात बारा लिहिली, त्याबद्दल खजील आहे,' इथूनच सुरुवात. मी टेबलावर थाप मारली. काय सुरुवात आहे! निवेदकच खोटं बोलला होता! मग नायकाचे दोष, मागितले तसे मोजून तीन. एक, तो घोरतो. दोन, त्याला राग आला की तो कुणाशी बोलत नाही, पाढे म्हणत बसतो. आणि तीन, गडाच्या पायथ्याशी जन्म जाऊनही तो गडावरच्या अंधारीत, म्हणजे त्या काळोख्या भुयारात, एकदाही शिरलेला नाही, कारण तो वटवाघळांना भितो. पाहुण्यांना गड दाखवायला नेतो आणि अंधारीच्या तोंडाशी आला, की त्याच्या चपलेचा अंगठा तुटतो. दर वेळी.

आणि आई! 'आई प्रेमळ आहे हे असे,' म्हणून लिहिलं होतं. 'मुलगा बारावीला नापास झाला तेव्हा हिने गावभर सांगितले, की त्याला परीक्षेत टायफॉइड झाला होता. लोक भेटायला येऊ लागले. तेव्हा हिने त्याला एकवीस दिवस खाटेवर निजवून पेज पाजली. मुलगा ठणठणीत होता. बाविसाव्या दिवशी तो खरोखरच अशक्त झाला.'

मी एकटाच इतका हसलो, की चाचा खिळ्यांची पेटी सोडून आले.

"क्या हुआ मास्टर?"

"चाचा, हा माणूस लेखक आहे! हाडाचा लेखक!"

"अच्छा," चाचा म्हणाले आणि परत गेले. चाचा कौतुकाला कधी फारसे थांबत नसत.

त्याच संध्याकाळी अक्का आली.

"आलं का रं दौलताबादचं पत्र?"

"नाही आलं."

"वीस दिवस झाले! एवढा तोरा? त्यांचा पोरगा गणित शिकवतो, चंद्रावर तर जात नाही ना?" अक्का स्टुलावर बसली, पदरानं वारा घेतला. "जाऊ दे मरू दे. जालना रोडच्या त्या कंत्राटवाल्या गुत्तेदाराचं स्थळ आलंय. ते येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी बघायला येतो म्हणतात. मी हो म्हणून टाकणार."

"वैशाली काय म्हणते?"

"ती म्हणती, त्यांच्या पत्रात ट्रॅक्टरचे तीन फोटो आहेत अन् पोराचा एक. म्हणती, ट्रॅक्टर बरा आहे."

आणि अक्का डोळे पुसत उठली. म्हणजे पोरीच्या मनात ते स्थळ नव्हतं, आईच्याही नव्हतं, आणि तरी होणार होतं ते तेच. का? तर दौलताबादचं पत्र येत नव्हतं म्हणून! आणि ते पत्र कुठं होतं? माझ्या कोपराखाली.

अक्का गेली, मी अभिप्राय लिहायला घेतला. 'फार मोठी झेप. आई तर कायमची लक्षात राहील. पण नायकाबद्दल सगळं त्याचे वडीलच सांगतात. ह्याचं स्वतःचं मन कुठं आहे? एकदा त्यालाच बोलू द्या.'

तिसरा खर्डा पाचव्या दिवशी आला. अक्षर वेगळं, तिरपं, घाईचं.

'बाबा म्हणाले, आता तूच लिही, माझी अक्कल संपली. म्हणून मी लिहितो. बाबांनी लिहिलेलं खरं आहे. फक्त वटवाघळांना मी भितो असं नाही, मला ती आवडत नाहीत. मी वर्गात विनोद करतो तेव्हा पोरं हसतात, पण ती मार्कांसाठी हसतात, हे मला कळतं. घरी माझ्या विनोदाला कुणी हसत नाही. आईला कमी ऐकू येतं आणि बाबा वाक्यरचना दुरुस्त करतात. बायको कशी पाहिजे असं कुणी विचारलं तर मी सगळ्यांना सांगतो, घरकाम येणारी. खरं म्हणजे मला कुणीतरी हसणारं पाहिजे. विनोद बरा नसेल तर नाही हसली तरी चालेल, पण ऐकलेला असावा.'

काय सांगू! माझं लाल पेन दहा मिनिटं हवेतच राहिलं. एक शब्द खोडावासा वाटेना. शेवटी तळाला एवढंच लिहिलं: 'आता कथा जिवंत झाली. पण मुलगी अजून कथेत आलेलीच नाही. ती आणा, मग शेवटाचं बघू.'

हा अभिप्राय वाचून गुरुजींचा संयम संपला. मुलगी आणा? मुलगी ह्यांची, मामा हा, आणि आणायची आम्ही? ते तडक बसनं बजाजनगरला गेले आणि ज्याच्या ओळखीनं हे स्थळ आलं होतं त्या किराणा दुकानदारापुढं तिन्ही पाकिटं आपटली. दुकानदार ती घेऊन अक्काच्या दारात.

"अक्का, तुमच्या भावाचं म्हणणं तरी काय आहे? गुरुजींनी तीनदा लिहिलं, ह्यांनी तीनदा परत पाठवलं. अजून काय लिहायचं राहिलंय?"

पुढचं चित्र असं. मी छापखान्यात प्रूफ बघतोय. दारात रिक्षा थांबते. रिक्षातून अक्का उतरते, मागोमाग वैशाली. अक्काच्या हातात कागद. त्या कागदांवर लाल शाई. आणि ती लाल शाई मला रस्त्यावरूनच ओळखू येते.

"बापू!"

"ये अक्का, चहा सांगू?"

"चहा नको. हे वाच." आणि तिनं स्वतःच वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं, मशीनच्या वरताण. "'नायक इतका सद्गुणी आहे, की वाचकाला त्याच्या श्राद्धाला आल्यासारखं वाटतं.' अरे, जित्या पोराचं श्राद्ध घातलंस? माझ्या होणाऱ्या जावयाचं?"

"अक्का, मला वाटलं कथा आहे..."

"कथा? ह्यात रक्तगट लिहिलाय! कोणत्या कथेत रक्तगट असतो रं?"

"आजकाल काहीही असतं गं."

"नाडी लिहिलीय! आद्य नाडी! त्यावर तू लिहितोस, 'वातावरण चांगलं तयार होतं'!"

मशीन थांबलं होतं. कामगार गोळा झाले होते. मी बुडत्यासारखं चाचांकडं बघितलं.

"चाचा, वरचं पत्र तुम्ही वाचलं नव्हतं का? त्यात स्थळ म्हणून लिहिलं असेल ना!"

"पढा ना. 'मुलाचा फोटो सोबत जोडला आहे' बोलके लिखा था. मैं समझा, राइटर कू लडका हुआ."

"फोटो बघितला? तीस वर्षांचा माणूस आहे तो!"

"मास्टर," चाचा शांतपणे म्हणाले, "मेरा काम हरफ जोडना. मतलब निकालना आपका काम. आप इत्ते दिन से क्या निकाल रहे थे?"

सगळा छापखाना हसला. अक्का सोडून. ती मटकन स्टुलावर बसली. "गेलं," म्हणाली. "एवढी भली माणसं, हातानं घालवली. आता कोणत्या तोंडानं त्यांच्या दारात जायचं?"

मीही मनात हिशेब मांडला. राखी गेली, बहीण गेली, आणि पोरीच्या पदरात ट्रॅक्टर!

तेवढ्यात कोपऱ्यातून फिस्सकन आवाज आला. बघतो तर वैशाली कागदाच्या रिमांवर बसून दुसरा खर्डा वाचत होती आणि तोंडावर ओढणी दाबून हसत होती. पेजेपर्यंत पोचली असावी. मग तिनं तिसरा घेतला. तो वाचताना हसली नाही. संपवून पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"आई," ती म्हणाली, "आत्तापर्यंत अकरा स्थळांची पत्रं वाचली. अकराच्या अकरा निर्व्यसनी. एकाचंबी तोंड डोळ्यापुढं येत नाही. हा पहिला, ज्याची चप्पल कुठं तुटते ते मला माहिताय."

"अगं पण तो घोरतो म्हणं!"

"बाकीचे काय घोरत नसतील? ह्यानं सांगितलं." आणि माझ्याकडं वळून, "मामा, उद्याच जायचं. चूक तुम्ही केली, पुढं तुम्ही बसायचं."

दुसऱ्या दिवशी दौलताबादला गुरुजींच्या ओट्यावर मी असा बसलो होतो, जसा कॉपी करताना सापडलेला विद्यार्थी हेडमास्तरांच्या केबिनबाहेर बसतो. रात्रभर माफीचं भाषण पाठ केलं होतं. पण गुरुजी बाहेर आले ते हात जोडून. माझ्याहून जास्त घाबरलेले!

"मामासाहेब, चौथा खर्डा लिहायला घेतलाय. पण शेवट काही जमेना बघा."

मी तोंड उघडणार, तोच आतून त्यांची बायको आली. पेरूच्या फोडींचं ताट माझ्यापुढं ठेवलं आणि मला खालून वर न्याहाळलं.

"तुमीच व्हय ते मामा?"

"हो, ताई."

"टायफॉइडचं तुमाला कुणी सांगितलं?"

"ताई, गुरुजींनीच लिहिलं होतं..."

"काय?" त्यांनी कानामागं हात धरला.

"गुरुजींनी! लिहिलं होतं!"

त्यांनी नवऱ्याकडं असं काही बघितलं, की पाचवा खर्डा कुणालाच लिहावा लागला नसता. मी घाईघाईनं सगळा प्रकार सांगून टाकला. छापखाना, चाचा, सतरा नंबर, सगळं. ऐकून गुरुजी माझ्याशेजारी ओट्यावर टेकले. मग म्हणाले,

"म्हणजे तुम्हाला आमची काहीच माहिती नव्हती?"

"नाही."

"बारा एकराचंसुद्धा?"

"नाही हो. मला आपलं ते वाक्य पोकळ वाटलं."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. पण त्यांचा मुलगा, जो इतका वेळ खांबाला टेकून उभा होता, तो पहिल्यांदा बोलला.

"बाबा, निदान सहा एकर तरी मामांनी नांगरून दिली."

विनोद बेतास बातच होता. गुरुजी म्हणाले, "नांगरून काढली, असं म्हण." आईला ऐकूच गेला नाही. आणि अक्काच्या शेजारी बसलेली वैशाली एकदम मोकळी हसली. नुसती हसलीच नाही, तिच्या हातातली पेरूची फोड खाली पडली. तो पोरगा तिच्याकडं असा बघायला लागला, जसं काही त्याचं गणित कुणी फळ्यावर सोडवून दाखवलंय.

इथं खरं तर आम्ही उठायला हवं होतं. पण गुरुजींना आता चेव आला. ते सावरून बसले, हेडमास्तरी आवाज काढला.

"आमचे दोष तर तीन-तीन खर्ड्यांत मागितले. मुलीचे नाही का काही? निदान तीन येऊ द्या."

अक्का गडबडली. "नाय हो, आमची पोर लई गुणाची..."

"तीन कशाला?" वैशाली म्हणाली. "एकच आहे, पण मोठा आहे. हा मामा."

झालं! गुरुजी हसले, अक्का हसली, आईंना कुणीतरी कानात ओरडून सांगितलं, मग त्या हसल्या. लग्न माघात झालं. मला अक्षता वाटायच्या कामावर ठेवलं होतं. लिहिण्याचं कुठलंच काम द्यायचं नाही, निमंत्रणपत्रिकासुद्धा दाखवायची नाही, असा अक्काचा हुकूम होता.

आता ह्यात खोटं काय, तेही सांगून टाकतो. लाल पेनं अर्धा डझन नव्हती, दोनच होती. चाचांनी 'राइटर कू लडका हुआ' म्हटलं ते त्या दिवशी नाही, नंतर कधीतरी चहा पिताना म्हटलं; मी ते उचलून तिथं बसवलं. ही झाली इस्त्री.

पण एक गोष्ट मी तुम्हाला सरळ रचून सांगितली. अक्काच्या हातात ते कागद बघेपर्यंत मला काही कळलं नव्हतं, असा मी आव आणला ना? साफ खोटं. पहिल्या खर्ड्याला कळलं नव्हतं, हे खरं. पण दुसऱ्यात अंधारी आणि वटवाघळं आली, आणि मी ह्याच जिल्ह्यात जन्मलेला माणूस! तिथंच चमकलो. उठून चाचांची फाइल उघडली, सतरा नंबरचं वरचं पत्र वाचलं. दौलताबाद. फोटोसुद्धा बघितला. मग पत्र होतं तसं ठेवून दिलं, जागेवर येऊन बसलो, आणि त्याच संध्याकाळी डोळ्यांत पाणी आणून अक्का विचारत होती, तेव्हा तिच्या तोंडावर सांगितलं, "नाही आलं."

असं का केलं म्हणता?

अहो, नायकानं अजून तोंड उघडलं नव्हतं! त्या दिवशी मी होकार कळवून बसलो असतो, तर तिसरा खर्डा कुणी लिहिला असता?